नवरीचा रंग नवरीचाच राहू दे

आंबोलीत माझं छोटं पार्लर आहे. गेळे, चौकुळच्या मुली येतात, लग्नसराईत त्यांच्या आयाही येतात. खुर्चीमागे उभं राहून जे समजलं, ते लिहिते.

१. गिऱ्हाईक येतं ते मनात एक चित्र घेऊनच.
ते चित्र जुनं आहे. चित्रकार राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि गोऱ्यापान लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांच्या भिंतींवरही आल्या. पुढे चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर आले, दोघेही शेजारच्या गोव्याचे. त्यांच्या नायिका दिवाळी अंकांवर, कॅलेंडरांवर झळकल्या. रेषा अप्रतिम, नजर हटत नाही. पण त्या बाईच्या कमरेवर घागर असली तरी कपाळावर घाम मला कधी दिसला नाही. आमच्याकडच्या बायका इरलं घेऊन चिखलात लावणी करत, डोक्यावरून लाकडांचे भारे आणत. त्यांचे रापलेले हात भिंतीवर आले नाहीत, म्हणून ते देखणेही ठरले नाहीत.

२. बाईने कसं दिसावं हे पुरुषही ठरवून जातो.
बालगंधर्व स्त्रीभूमिकेत रंगमंचावर जसं नेसत, केसांत जशी फुलं माळत, तसं घरंदाज बायका करू लागल्या. त्यांच्या कलेपुढे मी नतमस्तक आहे. तरी त्या नेसण्याबरोबर लाजणं, वाट पाहणं, रुसणं हेही बाईचे दागिने होऊन बसले, याचं मला वाईट वाटतं.

३. सावळेपणाची भीती विकली जाते.
"चेडू फोटोत गोरा दिसाक व्हया," आई माझ्या कानाशी सांगते आणि मुलगी आरशातून ऐकत असते. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत नटी लीला चिटणीस दिसल्या, तेव्हापासून नटीची कांती साबणाच्या वडीत मिळते असं आपल्याला वाटू लागलं. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली क्रीम आलं. जाहिरातीतल्या मुलीला रंग उजळला की स्थळ मिळे, नाहीतर नोकरी. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' गेलं, पण मागणारे अजून जुन्याच नावाने मागतात.

प्रत्येक आईला मी सांगते, ब्लीचने कातडीचा रंग बदलत नाही, फक्त चेहऱ्यावरची लव फिकी होते. खरा धोका स्टिरॉइडच्या मलमांचा. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ पडते, लाल होते, उन्हात आग होते, पुरळ येतं, कधी लवही वाढते. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ मध्ये झाला, तरी मुलींच्या पर्समधून ती निघतातच. तसा चेहरा दिसला की मी फेशियल करत नाही, त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवते. मलम एकदम सोडलं तरी चेहरा भडकतो, म्हणून तेही डॉक्टरला विचारूनच.

४. फोटोत उभं कसं राहायचं, तेही शिकवलेलं असतं.
धबधब्यापाशी लग्नाआधीचे फोटो काढतात. मुलगा ताठ, समोर बघणार. मुलगी मान तिरकी करून त्याच्या खांद्यावर. हीच मुलगी रोज स्कूटीने घाट उतरून सावंतवाडीला कामाला जाते. तिला मी एवढंच म्हणते, बाय, एक फोटो तुझ्या मनाने काढ.

५. पडद्यानेच पडद्याला उत्तर दिलं.
स्मिता पाटील दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या. सावळ्या, ठसठशीत डोळ्यांच्या. त्यांचा 'भूमिका' हा सिनेमा १९७७ मध्ये आला, 'उंबरठा' १९८२ मध्ये. 'उंबरठा'मधली सुलभा महिलाश्रमाच्या कामासाठी घराबाहेर पडते. तो चेहरा मोठ्या पडद्यावर बघितलेल्या बायका मला आजही भेटतात आणि त्यांच्या बोलण्यात लेकीच्या रंगाची तक्रार कमी असते. असे चेहरे आणखी यायला हवे होते. फार थोडे आले.

६. फाउंडेशन मानेच्या रंगाशी जुळवायचं, तेही दाराबाहेरच्या उजेडात. आईने एक शेड वरची मागितली तर मी नवरीला विचारते, आणि ती म्हणेल तीच लावते.