गणेशपत्री : द्रव्यसंग्रहाच्या दृष्टीतून

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की पर्यावरणपूरक गणेशोत्सवाची चर्चा सुरू होते. ही चर्चा बहुधा मूर्तीपाशी सुरू होऊन मूर्तीपाशीच संपते. मूर्ती शाडूची की प्लास्टरची, विसर्जन समुद्रात की कृत्रिम हौदात, एवढेच प्रश्न विचारले जातात. पूजेच्या तबकातील पत्रीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः या विषयात वैद्याने अधिकारवाणीने बोलावे असे क्षेत्र तेच आहे.

मूर्तीसंबंधी थोडेच सांगणे आहे. पेण, हमरापूर, जोहे हा परिसर आपल्या जिल्ह्यातीलच असल्याने प्लास्टरची बाजू व मूर्तिकारांची अडचण दोन्ही आपल्या परिचयाची आहेत. पावसाळी दमट हवेत शाडूची मूर्ती वाळण्यास वेळ घेते, तडकते, वजनाला जड असते. प्लास्टर लवकर आवळते आणि दूरच्या प्रवासास टिकते. रसशास्त्र शिकलेल्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आवळलेले प्लास्टर हे रासायनिक दृष्ट्या जिप्सम, म्हणजे आपली गोदंतीच होय. ते विष नव्हे. पण एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळत असल्याने तळाशी साचून राहते. खरी काळजी रंगांची आहे. नाग व पारद यांचे शोधन-मारण केल्यावाचून आपण ज्यांना हात लावत नाही, त्याच धातूंची संयुगे स्वस्त रंगांतून पाण्यात जाऊ शकतात. मूर्ती शाडूची असूनही रंग असा असेल तर अर्धाच प्रश्न सुटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे मे २०२० मध्ये सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई सुचवली. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात या मूर्ती घडवण्यास व विकण्यास वाट मोकळी झाली, आणि जुलै २०२५ च्या आदेशाने त्या वर्षीच्या उत्सवासाठी सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचे बंधन आले. हा विषय न्यायालय, मंडळ व मूर्तिकार यांच्यात चालू राहील. आपण पत्रीकडे वळू.

महाराष्ट्रात प्रचलित असलेली यादी साधारणपणे अशी आहे : मधुमालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा आणि हादगा. पाठभेदाने एखाद-दुसरे नाव बदलते. ही यादी आणि आपल्या औषधालयातील बरण्या यांत फारसे अंतर नाही. (अपामार्गक्षारसूत्रास देखील अकरा, सात व तीन मिळून एकवीसच लेप देतात, हा योगायोग शल्यतंत्राच्या मित्रांना आवडावा.)

आता काळाचा विचार करू. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभी द्रव्यसंग्रहाचे नियम सांगताना शाखा व पाने कोवळी असताना वर्षा आणि वसंत या ऋतूंत घ्यावीत, मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात घ्यावे असे म्हटले आहे. सुश्रुतांनी इतर आचार्यांचे जे मत नोंदवले आहे त्यातही पानांसाठी वर्षाऋतूच येतो. भाद्रपदातील पत्रीपूजा या नियमाशी तंतोतंत जुळते. मात्र शास्त्राने पान सांगितले आहे, झाड नव्हे. संग्रह करणाऱ्याने शुचिर्भूत होऊन, देवतांचे पूजन करून मग द्रव्य घ्यावे हा जो विधी सांगितला आहे, त्याचा व्यवहारातील अर्थ घाई व ओरबाडणे टाळावे असाच घ्यावा लागतो.

बाजारात काय घडते? विधीला प्रत्येकाचे एक पान पुरते. पाचशे घरांच्या गावाला साडेदहा हजार पाने लागतील. वर्षाऋतूत कोकणातील डोंगराला हा भार नाही. पण जुडी बांधताना पान खुडत नाहीत. फांदी मोडतात, आणि लहान वनस्पती मुळासकट उपटतात. बेल, पिंपळ, अर्जुन यांचे त्यात विशेष बिघडत नाही. आघाडा, माका, विष्णुक्रांता व डोरली यांचे बिघडते. आघाडा भाद्रपदात जेमतेम तुऱ्यावर येत असतो. तो या वेळी उपटला म्हणजे पुढच्या वर्षीचे बी गेले, आणि क्षारासाठी आपल्याला लागणारे पक्व पंचांगही गेले. डोरली तर दशमुळातील बृहती. जिचे मूळ आपण पोत्याने विकत घेतो तिचे रोप एका पानासाठी उपटले जाते. केवड्याचीही तीच कथा. सुगंधी पांढरी पाने नरकणसाची असतात. ती काढण्यासाठी खाडीकाठची सगळी बेटे छाटण्याचे कारण नाही, कारण त्या बेटांच्या मुळ्यांनीच काठाची माती धरून ठेवलेली असते.

गौरीसाठी कोकणात तेरडा आणतात आणि अनेक ठिकाणी कळलावीची फुलेही वाहतात. कळलावी म्हणजे लांगली. तिचे फूल तोडल्याने वेल मरत नाही, परंतु वेल ओढून कंद उपटला तर ती जागा रिकामी होते. कंदासाठी वर्षभर खणणारे वेगळेच असतात, आणि त्या कंदाचे गिऱ्हाईक कोण हे आपण जाणतोच.

दुसरा मुद्दा ओळखीचा. जुडीत एकवीस पाने असतात. ती नावाप्रमाणे एकवीस द्रव्ये असतातच असे नाही. शमी हा कोरड्या प्रदेशातील वृक्ष, रायगडच्या किनारी तो आपसूक वाढत नाही. म्हणून बारीक संयुक्त पानांची कोणतीही काटेरी डहाळी शमी ठरते. देवदार हिमालयातला, त्याच्या जागी सुरूसारखे सुईच्या आकाराचे काहीही चालते. येथे खरे तर मार्ग सोपा आहे. पूजाविधीत न मिळालेल्या उपचाराऐवजी अक्षता वाहण्याची मुभा आहे, आणि देवदारापुरते बोलायचे तर औषधालयातील देवदारकाष्ठाचा तुकडा कोणत्याही खोट्या पानापेक्षा अधिक प्रामाणिक ठरेल.

बेलाच्या जागी वायवर्णाचे त्रिदल येऊ शकते. पान उजेडासमोर धरले असता बेलात तैलबिंदू दिसतात आणि चुरगळल्यास सुगंध येतो. अर्जुन व ऐन यांची पाने सारखी दिसतात. झाडापाशी गेल्यावर मात्र संशय उरत नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, अर्जुनाची गुळगुळीत व पांढुरकी. डोरली उभे झुडूप, रिंगणी जमिनीवर पसरणारी. विष्णुक्रांता ही लहान निळ्या फुलांची, भुईसरपट राहणारी वनस्पती. तिच्या नावाने गोकर्णीचे पान देतात तेव्हा शंखपुष्पीचा जुना वाद पुन्हा समोर उभा राहतो. औषधालयचालकांना हे सारे पत्रीपुरते वाटू नये. अशोकाच्या सालीच्या नावाने खोट्या अशोकाची साल येते, ती याच वाटेने येते. पान हातात असताना ज्याला फरक सांगता येत नाही, त्याला चूर्ण हातात आल्यावर तो सांगता येणार नाही.

तिसरा मुद्दा विषाचा. याची चर्चा सर्वांत कमी होते. या एकवीसांपैकी अर्क, करवीर व धत्तूर ही तिन्ही उपविषे आहेत. औषध नियमांच्या परिशिष्ट ई (१) मध्ये ती नावे आहेत आणि ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. पत्रीच्या जुडीवर अर्थातच कसलीही सूचना नसते. पूजेला वाहण्यात धोका नाही. धोका नंतर आहे. निर्माल्य उकिरड्यावर टाकले जाते आणि गायी-शेळ्या ते खातात. कण्हेरीची थोडी पानेही जनावराचे हृदय बंद पाडू शकतात. घरातील लहान मूल धोत्र्याचे फळ वा बी तोंडात घालते तेव्हा तोंड कोरडे पडणे, बाहुली विस्फारणे, चेहरा लाल होणे व असंबद्ध बडबड ही लक्षणे दिसतात. अशा रुग्णाला घरी उपचार करत न बसता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. म्हणून निर्माल्य जनावरांना द्यायचे असल्यास ही तीन पाने आधी बाजूला काढण्यास सांगावे. उरलेली पत्री, दूर्वा व फुले खड्ड्यात मातीआड घातली की खत होते. तळ्यात टाकली तर ती कुजताना पाण्यातील प्राणवायू खातात. खाडीत टाकली तर भरतीबरोबर दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर परत येतात.

निर्माल्यातील तुळस, बेल, अर्जुन वाळवून औषधात वापरावे अशी सूचना अधूनमधून कानी येते. हेतू चांगला असला तरी ती स्वीकारता येत नाही. गुलाल, कुंकू, अत्तर लागलेले, अनेक हातांतून गेलेले आणि ओळख न पटलेले पान परिशिष्ट टी प्रमाणे चालणाऱ्या निर्माणशाळेत कच्चा माल म्हणून येऊच शकत नाही. चरकाने सांगितलेल्या निर्दोष द्रव्याच्या कसोटीतही ते बसत नाही.

पत्री नकोच, असा उपायही काही जण सुचवतात. तो मला मान्य नाही. पेण, अलिबाग, पनवेलच्या बाजारांत आणि थेट दादरपर्यंत पत्री घेऊन बसणाऱ्या बऱ्याच बाया कातकरी व ठाकर समाजाच्या आहेत. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस ही त्यांची कमाई असते. त्यांना वनस्पती आपल्यापेक्षा चांगल्या ओळखता येतात. खोटी शमी त्या आणतात कारण गिऱ्हाईक एकवीस पाने मोजून मागते आणि दर मात्र पाडून देते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन योजनेखाली गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना पुरवण्याचा व्यवसाय उभा केला, आणि २०२० च्या साथीच्या काळात त्याला मोठी मागणी आली. पत्री आणणारे हात आणि कच्चा माल आणणारे हात एकच होऊ शकतात, याचे ते जवळचे उदाहरण आहे.

औषधालयचालकांना करता येण्याजोगे काम लहान आहे. ओळखीच्या दोन-तीन बायांना श्रावणातच सांगून ठेवावे : सोळा-सतराच पाने आणा, पण खरी आणा, खुडून आणा, उपटू नका, दर जुडीचा नव्हे, खऱ्या पानांचा मिळेल. दुकानात ओळखीच्या खुणांसह एक फलक लावावा आणि उपविषांच्या नावांखाली लाल रेघ ओढावी. तुळस, मरवा, जाई, डाळिंब, हादगा ही परसातली झाडे आहेत. दवाखान्याच्या आवारात ती सहज लागतात. आघाड्याचे बी कार्तिक-मार्गशीर्षात पिकते. त्याच बायांकडून ते मूठभर विकत घेऊन ठेवावे आणि मृगाच्या आधी कुंपणालगत विखरून द्यावे.