रक्तदानाचे व्रत

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात जूनी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९३६ साली जेम्स हॅरिसन यांचा जन्म झाला. ते चौदा वर्षांचे असताना त्यांच्या छातीवर मोठी शस्त्रक्रिया करून एक फुप्फुस काढावे लागले. त्या वेळी कित्येक अनोळखी लोकांचे रक्त त्यांना देण्यात आले, म्हणूनच त्यांचे प्राण वाचले. वडिलांनी ही हकीकत सांगितली, तेव्हा तो मुलगा विचारात पडला. ज्यांनी आपल्याला जीवदान दिले, त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. मग हे ऋण फेडावे तरी कोणाकडे? अठरा वर्षांचे होताच आपणही रक्त द्यायचे, असा त्याने निश्चय केला आणि १९५४ साली तो खरा करून दाखविला.

या निश्चयाच्या आड एक अडचण मात्र होती. हॅरिसन यांना सुईची विलक्षण भीती वाटे. सुई दंडात शिरताना त्यांनी जन्मात कधी तिच्याकडे पाहिले नाही. ते दुसरीकडे दृष्टी वळवीत आणि हात पुढे करीत. भीती गेली नाही, पण तिच्यापायी त्यांनी एकदाही माघार घेतली नाही.

त्या काळी ऑस्ट्रेलियात दरवर्षी अनेक अर्भके जन्मापूर्वी किंवा जन्मतःच दगावत. काहींच्या मेंदूला कायमची इजा होई. पुष्कळांच्या रक्तातील तांबड्या पेशींवर ‘आर-एच’ नावाचा घटक असतो. काहींच्या रक्तात तो नसतो. आईच्या रक्तात तो नसला आणि बाळाच्या रक्तात असला, तर आईचे शरीर बाळाच्या रक्तपेशींना परक्या समजून त्यांचा नाश करणारी द्रव्ये निर्माण करू शकते. पहिले मूल बहुधा सुखरूप राहते. परंतु पुढच्या बाळावर संकट ओढवते.

या रोगावर ‘अँटी-डी’ हे प्रतिबंधक औषध निघाले. ते वेळीच टोचले, म्हणजे आईच्या शरीरात ती घातक द्रव्ये तयारच होत नाहीत. परंतु ते कारखान्यातील रसायनांपासून बनत नसे. त्यासाठी विशिष्ट माणसांच्या रक्तातील द्रवच लागे. हॅरिसन यांच्या रक्तात हा दुर्मीळ गुण विपुल आढळला. १९६७ साली सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात हे औषध देण्यास प्रारंभ झाला आणि हॅरिसन त्याच्या पहिल्या दात्यांपैकी एक झाले. पुढे त्यांच्या स्वतःच्या मुलीलाही हेच औषध घ्यावे लागले.

हॅरिसन रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. नोकरी आणि संसार सांभाळून त्यांनी रेडक्रॉसच्या रक्तसेवेला ६४ वर्षांत १,१७३ वेळा दान दिले. म्हणजे सरासरी दर तीन आठवड्यांनी एकदा! त्याबद्दल त्यांनी मोबदला घेतला नाही. २००५ साली पत्नीचे निधन झाले. त्या दुःखातही त्यांनी हे व्रत सोडले नाही. १९९९ साली त्यांना ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’चे पदक मिळाले. २०१८ साली वयाच्या ८१ व्या वर्षी नियमानुसार त्यांना थांबावे लागले. त्यांच्या दानामुळे सुमारे २४ लाख बालकांना संरक्षण मिळाले, असा अंदाज आहे. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांनी झोपेतच शांतपणे देह ठेवला.

दधीची ऋषींनी देवांच्या रक्षणासाठी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. असा महान त्याग एखाद्यालाच साधतो, आणि तोही एकदाच. हॅरिसन यांचे दान प्रत्येक वेळी लहानसेच होते. परंतु ते त्यांनी आयुष्यभर, न चुकता दिले. ज्या बालकांना त्यामुळे जग दिसले, त्यांपैकी बहुतेकांना त्यांनी कधी पाहिलेही नाही. अनोळखी माणसांचे ऋण त्यांनी अनोळखी माणसांनाच देऊन फेडले.

स्वाध्याय
१. हॅरिसन यांनी रक्तदानाचा निश्चय का केला?
२. ‘अँटी-डी’ औषधाने कोणते संकट टळते?
३. ‘भीती गेली नाही, पण माघार घेतली नाही’ या अर्थाचा तुमच्या पाहण्यातील एक प्रसंग लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : ऋण फेडणे, माघार घेणे, संकट ओढवणे.