पाठ : दिवा का लुकलुकतो?



किती, कुठे, केव्हा, कसा आणि का हे प्रश्नार्थक शब्द तुम्हाला ठाऊक आहेत. आज ते वापरून घरातले एक कोडे सोडवू. दिवा लुकलुकू लागला की आपण लगेच ‘का?’ असे विचारतो. पण ‘का’ हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधीच्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

किती? एकच दिवा लुकलुकत असेल तर दोष बहुधा तिथेच असतो. बटण बंद करा, बल्ब थंड होऊ द्या आणि मोठ्या माणसांच्या देखत तो नीट घट्ट बसवा. तरी फरक पडला नाही, तर तोच बल्ब दुसऱ्या दिव्यात लावून पाहा. तिथेही लुकलुकला तर बल्ब खराब आहे. तिथे नीट चालला तर पहिल्या दिव्याचा होल्डर किंवा बटण तपासायला हवे. जुन्या डिमरवर नवा एलईडी बल्ब लावला तरी तो लुकलुकतो, कारण तो डिमर जास्त वीज घेणाऱ्या जुन्या बल्बांसाठी बनवलेला असतो.

कुठे? एकाच खोलीतले किंवा एकाच ब्रेकरवरचे सगळे दिवे लुकलुकत असतील, तर त्या वाटेवरचा एखादा तारांचा जोड सैल झालेला असू शकतो. सगळ्या घरात तसे होत असेल तर शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडेही तेच असेल तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनवर आहे.

केव्हा? एअर कंडिशनर किंवा फ्रीज सुरू होतानाच दिवे क्षणभर मंदावतात का? मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, म्हणून हे साधारणपणे चालायचेच. पण दिवे बराच वेळ मंद राहिले किंवा हे नव्याने सुरू झाले, तर तपासणी करून घ्यावी. वारा सुटल्यावरच दिवे लुकलुकत असतील तर खांबावरून घराकडे येणाऱ्या तारांचा संशय घ्यावा.

कसा? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेत घरात सहसा तीन तारा येतात : दोन फेजच्या आणि एक न्यूट्रल. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये २४० व्होल्ट. न्यूट्रलचा जोड सैल झाला की हा समतोल बिघडतो. एका बाजूला १५० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला ९० असेही होऊ शकते. बेरीज मात्र २४० च राहते. मग घरातले काही दिवे मंद होतात आणि त्याच वेळी काही नेहमीपेक्षा प्रखर होतात. महाराष्ट्रात ‘न्यूट्रल गेला’ म्हणतात आणि टीव्ही-फ्रीज जळतात, तो हाच प्रकार. असे दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये, वीज कंपनीला लगेच फोन करावा.

आता ‘का?’ सैल जोडात रोध वाढतो आणि रोधातून वीज गेली की उष्णता तयार होते. गणित करून पाहू. जोडाचा रोध अर्धा ओहम आहे आणि त्यातून १० अँपिअर वीज जाते आहे. १० × १० × ०.५ = ५० वॅट. भिंतीच्या आत, बोटाच्या पेराएवढ्या जागेत ५० वॅटची उष्णता! साधा १५ अँपिअरचा ब्रेकर इथे पडत नाही, कारण त्याला फक्त १० अँपिअर दिसतात. म्हणजे जी गोष्ट ब्रेकर सांगत नाही, ती लुकलुकणारा दिवा सांगतो.

साधारण १९६५ ते १९७३ या काळात अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून जोड हळूहळू सैल होतात. १९७४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज येथे अशाच एका जोडापासून लागलेल्या आगीत दोन माणसे दगावली, असे अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितले. तुमचे घर त्या काळातले असेल तर हा पाठ आई-बाबांना जरूर वाचून दाखवा.

भारतातून आलेले आजी-आजोबा कदाचित म्हणतील, “अरे, व्होल्टेज कमी झालं असेल, येईल परत.” तिकडे पुष्कळदा तसे होतेही. इथे मात्र तसे गृहीत धरू नये.

लक्षात ठेवा : ब्रेकरचा डबा किंवा प्लगचे झाकण मुलांनी कधीही उघडू नये. प्लग गरम लागला, तडतड आवाज आला किंवा जळका वास आला तर मोठ्यांना लगेच सांगा. त्यांनी तो ब्रेकर बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. धूर दिसला तर सगळ्यांनी घराबाहेर पडून ९११ ला फोन करावा.

शब्दार्थ
लुकलुकणे – कमी-जास्त किंवा चालू-बंद होत राहणे
मंदावणे – उजेड कमी होणे
प्रखर – डोळ्यांना त्रास होईल इतका तेजस्वी
रोध – विजेच्या वाटेतला अडथळा
प्रसरण पावणे – आकाराने वाढणे

स्वाध्याय
१. कारण ओळखा : (अ) स्वयंपाकघरातले दिवे मंद, तर दिवाणखान्यातले प्रखर. (आ) फक्त टेबलावरचा दिवा लुकलुकतो.
२. जोडाचा रोध १ ओहम आणि वीज १० अँपिअर असेल तर किती वॅट उष्णता तयार होईल? १५ अँपिअरचा ब्रेकर पडेल का?
३. इलेक्ट्रिशियनला फोनवर काय सांगाल? किती, कुठे, केव्हा आणि कसा यांची उत्तरे देणारी चार वाक्ये मराठीत लिहून आणा.