लाकडी बैलाला खऱ्यासारखा रंग कसा द्यावा



श्रावण अमावास्येला पोळा असतो. त्या दिवशी खऱ्या बैलांचा मान. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा असतो. तो आपला, मुलांचा. आपण चाकांचे लाकडी नंदी सजवून नेतो. आपल्या जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तिथे मोठमोठे लाकडी नंदी पाहायला मिळतात.

बाजारात रंगवलेले नंदी मिळतात. ते लाल, पिवळे, चकचकीत असतात. आमच्या गावात आता ट्रॅक्टर आले आहेत, बैलजोड्या थोड्याच उरल्या आहेत. माझा लहान भाऊ अंगणवाडीत जातो. तो मला म्हणाला, "ताई, बैल लाल असते ना?" तेव्हा मी ठरवले, यंदा घरचा नंदी खऱ्या बैलासारखाच रंगवायचा.

आबाजी म्हणाले, "आंधी बैल पाय पोरी, मंग रंग लाव." म्हणून मी वही घेऊन गोठ्यात बसले. आमचा बैल गवळाऊ जातीचा आहे. ही जात आपल्या वर्धा जिल्ह्याची आणि आजूबाजूच्या भागाची. हे बैल चालायला चपळ असतात. आपण त्यांना पांढरे म्हणतो. पण नीट पाहिले तर बैल सगळा पांढरा नसतो. पाठ आणि पोट पांढरे. मान, वशिंड आणि मांड्या राखाडी. नाकाचा शेंडा, डोळ्यांच्या कडा आणि खूर काळे. शिंगे आखूड व बोथट. डोळा बदामाच्या आकाराचा. हे सगळे एका रंगात कसे येणार? त्यासाठी थरावर थर द्यावे लागतात.

रंगवण्याची रीत अशी:

१. नंदी काचकागदाने घासून गुळगुळीत करावा. भेगांत लांबी भरावी. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळली की लांबी होते.

२. ती सुकली की पांढरे अस्तर द्यावे. कोरडे लाकूड रंग पिऊन टाकते. अस्तर असले की वरचा रंग वरच राहतो.

३. मान, वशिंड, मांड्या आणि गळ्याच्या पोळीच्या घड्या यांवर गडद राखाडी रंग द्यावा.

४. तो वाळल्यावर पांढऱ्यात थोडा काळा मिसळून फिका राखाडी करावा आणि त्यावर पातळ लावावा. खालचा गडद रंग थोडा दिसू द्यावा. तीच बैलाची सावली.

५. पाठीवर व पोटावर पांढरा द्यावा. जिथे दोन रंग भेटतात तिथे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने हलके ओढावे. मग मध्ये रेघ दिसत नाही.

६. शेवटी डोळा. आधी काळा, त्यात तपकिरी, आणि वर पांढरा एकच ठिपका. ठिपका दिला की बैल आपल्याकडे पाहू लागतो!

७. सगळे वाळल्यावर वार्निशचा एक हात द्यावा.

रंग जाड लावू नये. तेलाचा रंग हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. जाड लावला तर वर साय धरते आणि आत ओला राहतो, मग सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ लागतो, म्हणून पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करावी. हे काम मोठ्या माणसांसोबत आणि मोकळ्या हवेत करावे.

गुरुजींनी वर्गात एक गोष्ट सांगितली. फिनलंड हा दूरचा थंड देश आहे. तिथे लाउरी रापाला नावाचे मासेमार होते. मोठे मासे गळाला लागावेत म्हणून त्यांनी १९३६ साली बुचाचा खोटा छोटा मासा कोरला. त्यावर चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर वर दिला. खालची चांदी वरच्या थरातून चमकली. खरा मासाही पाठीवर गडद आणि पोटाला चंदेरी असतो. रापाला तासन्‌तास माशांकडे पाहत बसत. मला वाटले, आबाजींनी सांगितले तेच हे!

गवळाऊ बैल आता कमी झाले आहेत. ही जात टिकावी म्हणून कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे सरकारी केंद्र आहे. आमचा बैल म्हातारा झाला आहे. आबाजी म्हणतात, याच्यानंतर दुसरा घेणे होणार नाही. म्हणून मी त्याच्या उजव्या कानाजवळचा काळा डागसुद्धा नंदीवर काढला आहे. भाऊ आता नंदीला त्या बैलाच्याच नावाने हाक मारतो.

पालकांनो, ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांनी आम्हां मुलांना गोठ्यात येऊ द्यावे. आम्ही बैलाला त्रास देणार नाही, फक्त नीट पाहू.

– इयत्ता चौथीची विद्यार्थिनी