स्वेटर घालायची वेळ झाली की…

दिवाळी सरली, कापसाची वेचणी जोरात आली की आपल्या बुलडाण्याकडे घरोघरी सकाळी एकच वाद ऐकू येतो. “स्वेटर घाल.” “नाही घालत.” डबा भरायचा राहिलेला, रिक्षा दारात उभी. मग आपण लेकराचे हात धरून बाह्यांत कोंबतो. ते रडत शाळेत जातं आणि आपल्याला दिवसभर चुटपुट लागते.

खरं तर त्याचंही काही चुकत नाही. आपलं गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेत, घाटावर. मलकापुराहून राजूर घाट चढून आलं की अंगालाच फरक कळतो. थंडी आपली कोरडी. आभाळ निरभ्र, त्यामुळे रात्री जमीन झपाट्यानं निवते आणि दुपारी बाराला त्याच अंगणात घाम येतो. सकाळी हवंसं वाटणारं जाड स्वेटर मधल्या सुटीत नकोसं होतं. लेकराच्या लक्षात ती दुपार राहते, आपल्या डोक्यात सकाळ असते.

कधी निवांत असताना विचारून पाहा, नेमकं काय नको. लोकर मानेला टोचते. डोक्यातून काढताना कान ओढले जातात. ताईचं जुनं आहे म्हणून वर्गात हसतात. हे सगळं लेकरू आपणहून सांगत नाही, नुसतं चिडतं. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि वर समोरून उघडणारं स्वेटर, एवढ्यानंही बरीच भांडणं मिटतात. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे. मधल्या हवेनं ऊब टिकते, आणि ऊन चढलं की वरचा त्याला स्वतःला काढता येतो.

मोटारसायकलवर मात्र हा हिशेब पुरत नाही. बाबा गाडी चालवणार, लेकरू टाकीवर पुढे बसणार. सगळा वारा आधी त्याच्या छातीवर. लोकरीतून वारा आरपार जातो. तिथं वारा अडवणारं जर्किन हवं, कानटोपी हवी, आणि जमलं तर लेकराला मधे बसवावं.

हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि लाइन रात्रीची, असं ज्यांच्या घरी असतं त्यांची ओढाताण वेगळीच. आईबाप पहाटेपर्यंत शेतात, धाकट्यांची तयारी सातवीतल्या ताईकडे. अशा घरी कोणी काय शिकवावं! एवढंच सुचवते, की कपडे रात्रीच काढून गोधडीच्या आत, पायथ्याशी ठेवावेत. सकाळी ते अंगाला गार लागत नाहीत आणि पोरगीला शोधाशोध करावी लागत नाही. २०२४-२५ पासून राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय झाला, त्याचा लहानग्यांना मोठा आधार आहे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आपली भीती उलटीकडे धावते. टोपडं, कुंची, दोन स्वेटर, वर दुपटं; आजीचा जीव त्यात असतो. पण हात-पाय गार लागले म्हणजे बाळ गारठलं असं नाही. छातीला, पाठीला हात लावून पाहा. पाठ घामेजली असेल तर एक कपडा कमी करायचा. आपल्या अंगावर असतात त्याहून एक जास्त, एवढं बहुतेक वेळा पुरतं. घरात झोपवताना टोपडं काढावं, तोंडावर पांघरूण नको.

कमी वजनाचं बाळ मात्र खरंच लवकर गारठतं. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरण्याइतकी ऊब दुसऱ्या कशात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचं जे काम उभं केलं, त्यात बाळाला उबदार ठेवणं महत्त्वाचं होतं. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना मोकळेपणानं विचारा. बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, छाती-पोटही गार लागलं, तर पांघरुणं वाढवत न बसता छातीशी धरून लगेच दवाखाना गाठायचा.

आणि कितीही हिव वाजलं तरी कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून झोपू नका हो. तिचा विषारी वायू वासानं कळत नाही, झोपेतच घात होतो.

१२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी पहाटे सिंदखेडराजाला निघणार असाल, तर लेकरांना घरूनच गुंडाळून घ्या. परतेपर्यंत ऊन तापलेलं असतं. काढलेली स्वेटरं ठेवायला एक रिकामी पिशवी सोबत असू द्या.