जुन्या मारुतीचे सुटे भाग : मागणी, पुरवठा आणि एक काच

मागणी व पुरवठा यांचा धडा आम्ही पहिल्याच वर्षी पाठ केला आणि परीक्षेत लिहूनही आलो. परंतु तो मला खरा समजला तो काकांच्या मोटारीची पुढची काच तडकली तेव्हा. त्या काचेच्या निमित्ताने, जुन्या जपानी बनावटीच्या छोट्या मोटारीचे सुटे भाग कोठून येतात आणि कोठे येऊन अडतात, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

गाडी १९८५ सालची मारुती ८००. काकांनी तुरीच्या व्यापारात पहिला नफा झाला तेव्हा ती सोलापुरातून जुनी म्हणून घेतली. माझ्या जन्माच्या वेळी आई भालकीच्या दवाखान्यात पोचली ती याच गाडीतून.

'मारुती कसली जपानी?' असे कोणी विचारील. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली. ऑक्टोबर १९८२ मध्ये तिचा जपानच्या सुझुकीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपालसिंग यांना मिळाली. जाणकार जिला 'एसएस ८०' म्हणतात ती ही गाडी. सुझुकीने १९७९ मध्ये जपानात काढलेल्या आल्टोचेच ते भावंड. आरंभी बहुतेक भाग जपानहून पेट्यांतून येत आणि गुडगावला जोडले जात. १९८६ मध्ये गाडीचा सांगाडा पूर्ण बदलला, नाव मात्र तेच ठेवले, आणि जानेवारी २०१४ पर्यंत ती तयार होत राहिली. म्हणजे रस्त्यावर आज ज्या मारुती ८०० दिसतात त्या जवळजवळ सगळ्या दुसऱ्या अवताराच्या. आमची पहिल्या. सगळा घोटाळा येथेच आहे.

कारण इंजिन फारसे बदलले नाही. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे तेच घराणे १९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे पुढच्या ओम्नीत, बसविले गेले, आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. त्यामुळे पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्ट, हेड गॅस्केट हा माल कलबुर्गीच्या साध्या दुकानातही मिळतो. दुकानदार तो आमच्या चाळीस वर्षांच्या गाडीसाठी ठेवीत नाही. लग्नाची वऱ्हाडे आणि शाळेची मुले वाहणाऱ्या ओम्नीसाठी ठेवतो. आम्ही आपले त्या मागणीच्या सावलीत बसतो. भाग किती जुना, यापेक्षा तो आणखी कितीजणांना लागतो, हे महत्त्वाचे.

काचेला अशी सावली नाही. पहिल्या सांगाड्याची काच दुसऱ्यात बसत नाही. मी कलबुर्गीत विचारले, सोलापुरात विचारले, सिकंदराबादच्या राणीगंजात फिरलो, बंगळूरच्या जे. सी. रोडवर मित्राला पाठविले. 'मिळत नाही', 'सिगंगिल्ला', 'नै मिलता', 'दोरकदु', असे चार भाषांत एकच उत्तर आले. दाराची सपाट काच असती तर कोणीही कापून दिली असती. पुढची काच वाकविलेली आणि दोन थरांची असते. तिला साचा लागतो. साचा हा स्थिर खर्च. तो हजार काचांवर वाटला तर काच परवडते, एकीवर टाकला तर काचेची किंमत गाडीपेक्षा अधिक होते. हे गणित मी वहीत मांडून काकांना दाखविले. काका म्हणाले, "हिशेब बरोबर हाय तुझा. आता काच आण."

एक गोष्ट तर मन खट्टू करणारी आहे. हीच गाडी ऐंशीच्या दशकात पाकिस्तानात 'सुझुकी एफएक्स' या नावाने विकली गेली. तेव्हा तिकडच्या जुन्या बाजारात तिची काच असण्याचा संभव आहे. पण २०१९ पासून दोन्ही देशांतील व्यापार जवळपास थांबला, आणि मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी मालाची आयात पूर्णच बंद केली. सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, ही चांगली बातमी. मात्र जी वस्तू बाजारातच नाही तिच्यावर कर किती, याने काय फरक पडतो?

घाई एवढ्यासाठी की खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि तडकलेल्या काचेची गाडी तपासणीत उतरत नाही. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारीस १०,००० झाले. पन्नास वर्षे पुरी झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आमचीला अजून नऊ-दहा वर्षे हवीत. ती म्हातारी आहे, पण मानाची म्हातारी नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्याने कार्बुरेटरचे जुने रबर टिकत नाही. ते इथेनॉल उसाचे, आणि ऊस आमच्याच शिवारात उभा, तेव्हा तक्रार कोणाकडे करावयाची?

शेवटी उमरग्याजवळ एका गोठ्यात याच बनावटीची गाडी असल्याचे कळले. काच शाबूत. मालक म्हणाले, "काच काढून दिली तर बाकीचं कोण घेणार? घ्यायची तर अख्खी न्या." संयुक्त परिव्ययाचे इतके चोख उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकात नाही! मी मनात वाटणी करू लागलो : काच, दिवे, दारांची रबरे आपल्याला, उरलेले भंगारात.

काका मात्र वाकून गाडीचा तळ पाहत होते. तिचे इंजिन जाम होते, पण पत्र्याला गंज नव्हता. आमच्या गाडीचे इंजिन उत्तम, आणि तळ मागल्या पावसाळ्यापासून चाळणी. परत येताना हुमनाबादपर्यंत ते बोलले नाहीत. मग विचारले, "कुणाचं काढून कुणाला लावायचं रे?"

गाडीची ओळख सांगाड्यावरील क्रमांकाने ठरते. त्यांची गाडी राखावी तर ती महाराष्ट्रातली. तिकडचे ना हरकत प्रमाणपत्र, इकडचा आजीवन कर, शिवाय इंजिन बदलल्याची नोंद. आमची राखावी तर तळाचा पत्रा नव्याने जोडावा लागेल. मी दोन्हींचा खर्च समोरासमोर मांडला आहे, आणि त्यांची गाडी राखणे स्वस्त पडते. काकांनी वही वाचली आणि मिटून ठेवली. गाडी सध्या अंगणात उभी असते. दर रविवारी ते ती सुरू करतात, दहा मिनिटे चालू ठेवतात आणि बंद करतात. काल त्यांनी मला उमरग्याला फोन करून एवढेच विचारावयास सांगितले, की त्या गाडीचे मूळ कागद आहेत काय.