लेसरचा किरण आणि मोडलेला शाफ्ट



मागील हंगामात तिसऱ्या मिलच्या वरच्या रोलरचा शाफ्ट मध्यरात्री तुटला आणि गाळप दीड दिवस बंद राहिले, हे आपणांस ठाऊकच आहे. गाडीतळावर बैल उभे, तोडलेला ऊस उन्हात वाळतोय, वजन घटतंय, उताराही घटतोय. त्या दीड दिवसात आमच्या अभियांत्रिकी खात्याला जे ऐकून घ्यावे लागले ते योग्यच होते. पुढे वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उठून विचारले, "साहेब, हल्ली लेसरनं लोखंड जोडत्यात म्हणं. मग आपला एवढा मोठा शाफ्ट भंगारात का काढला?" सभेत हशा झाला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. वेळेअभावी तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, ते येथे देत आहोत.

आधी शाफ्ट तुटतो कसा ते पाहू. तार तोडायला पक्कड नसेल तर आपण ती एकाच जागी मागे-पुढे वाकवतो. एकदा वाकवून तुटत नाही, पण दहा-वीस वेळा वाकवली की कट्कन तुटते. शाफ्टचेही तेच होते. वरच्या रोलरवर दोन्ही टोकांना हायड्रॉलिकचा शेकडो टन दाब असतो आणि मधून ऊस त्याला उलट रेटत असतो. त्यामुळे शाफ्ट डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. तो फिरत असल्याने पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो व एकदा दाबला जातो. मिनिटाला चार फेरे धरले तर दिवसाला ५,७६० आणि १५० दिवसांच्या हंगामात ८ लाख ६४ हजार वेळा! यालाच धातूचा थकवा म्हणतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेचा आस तुटून भीषण अपघात झाला, तेव्हापासून इंजिनियर लोक या थकव्याच्या मागे लागलेले आहेत.

थकव्याची चीर बहुतेक वेळा पृष्ठभागावरून सुरू होते. एखादा ओरखडा, छिन्नीचा घाव, गंजाचा खड्डा किंवा जिथे जाड शाफ्ट एकदम बारीक होतो तो कोपरा तिला पुरतो. आमचा शाफ्ट तुटल्यावर तुटलेल्या तोंडावर झाडाच्या खोडासारखी वलये दिसली. ती वलये मागे मागे नेत गेलो तर एका जागी येऊन थांबली. तिथे काही वर्षांपूर्वी ओरखडा बुजवण्यासाठी वेल्डिंगचा एक टिपका दिलेला होता. म्हणजे चीर दुरुस्तीच्याच जागेतून निघाली. ही चूक आमच्या खात्याची, हे कबूल केले पाहिजे. वेल्डिंगची आच एवढ्याशा जागेत लागते, भोवतालचे थंड पोलाद ती झट्कन शोषून घेते, आणि तेवढी जागा काचेसारखी कडक व ठिसूळ होते. शिवाय थंड होताना आखडल्यामुळे तिथे ताण कायमचा कोंडून राहतो.

आता लेसरकडे येऊ. लहानपणी भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळला नाही असा माणूस विरळा. लेसर हा प्रकाशच. पण एकाच रंगाचा आणि न पसरता सरळ जाणारा. म्हणून तो टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक जागी एकवटता येतो. १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. पण लोखंड कापण्या-वितळवण्याइतकी ताकद सलग देणारा लेसर निघाला तो कार्बन डायऑक्साइड वायूचा, आणि तो १९६४ साली बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला सी. कुमार एन. पटेल यांनी. पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा! पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. बारामती म्हटले की आपल्याला ऊस आणि गूळ आठवतो. कारखानदारीला लेसर देणारा माणूसही त्याच गावी जन्मला, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. आणि वायू तरी कुठला? आसवनीत मळी आंबताना बुडबुडे येऊन जो सुटतो तोच! आता कारखान्यांतून काचतंतूचे लेसर अधिक दिसतात, पण वाट पाडली ती या वायूनेच.

लेसर धातूवर मुख्यतः तीन कामे करतो.

पहिले काम पाणी देण्याचे. लोहार कोयता लाल करून पाण्यात बुडवतो आणि धार कडक होते. लेसरने नेमकी हवी तेवढीच पट्टी क्षणात तापते, किरण पुढे सरकतो आणि खालचे थंड पोलादच ती उष्णता ओढून घेते. पाणी नको, तेल नको, वस्तू वेडीवाकडी होत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ येथील कारखान्यात १९७० च्या दशकातच मोटारींच्या स्टिअरिंगच्या घरांना आतून असे पट्टे मारून ती झिजेपासून वाचवीत असत.

दुसरे काम जोडण्याचे. किरणाच्या जोराने धातूत बारीक, खोल भोक पडते, भोवतालचा रस त्यात मागून भरत येतो, आणि सांधा खोल पण अरुंद होतो. हृदयाला लावायच्या पेसमेकरची टायटॅनियमची डबी असाच सांधा मारून बंद करतात. आतील नाजूक यंत्राला आच लागत नाही. मात्र दोन्ही कडा केसाइतकीही फट न ठेवता जुळाव्या लागतात. झिजलेल्या जागी धातूची पूड सोडून लेसरने थर चढवणे हेही याच जातीचे काम. त्यात मूळ धातू फार थोडा वितळतो, म्हणून आचेचे नुकसान कमी.

तिसरे काम आम्हाला सर्वांत विलक्षण वाटते, कारण त्यात धातू तापवायचा नसून ठोकायचा असतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कशी चढवतो? लाल करून चढवतो, थंड होताना ती आवळते, आणि चाकाची लाकडे एकमेकांवर दाबून बसतात. दाबलेल्या लाकडात फट पडत नाही. धातूचा पृष्ठभागही असाच कायमचा दाबून ठेवला तर चिरेला तोंड उघडता येत नाही. ट्रकच्या कमानपाट्यांवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात तो याचसाठी. पण तो दाब साधारण पाव मिलिमीटर खोल जातो. लेसरच्या पद्धतीत भागावर काळा रंग किंवा काळी पट्टी लावतात, वरून पाण्याचा पातळ पडदा वाहता ठेवतात आणि सेकंदाच्या शंभर कोटी भागांपैकी वीस-तीस भागांइतकाच वेळ किरणाचा झटका देतात. काळ्या थराची वाफ होऊन स्फोट होतो, पाणी त्याला वर उडू देत नाही, म्हणून त्याची धडक सारी धातूच्या आत शिरते. दाब एक मिलिमीटर किंवा त्याहूनही खोल बसतो. भाग मात्र हाताला गारच लागतो!

ओहायोतील बॅटेल संस्थेच्या प्रयोगशाळेत हे काम आधी झाले. पण तेव्हाच्या लेसरला एका झटक्यानंतर मिनिटेच्या मिनिटे थांबावे लागे, म्हणून ते बरीच वर्षे तिथेच पडून राहिले. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बी-१बी विमानांवर पाळी आली. खडा किंवा बर्फाचा तुकडा इंजिनात ओढला गेला की पंख्याच्या पात्याला बारीक खाच पडे आणि तिथून चीर जाऊन पाते तुटे. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी माणसे पात्यांच्या कडांवरून कापसाचे बोळे आणि सुती हातमोजे फिरवीत. सूत अडकले की समजायचे, खाच आहे. १९९७ पासून त्या पात्यांच्या कडांना लेसरचा मार देणे सुरू झाले. चाचण्यांत असे दिसले, की मार दिलेले पाते खाच पडल्यावरही बिनखाचेच्या साध्या पात्याच्या तोडीने टिकते.

तर आता मूळ प्रश्न. आपला शाफ्ट लेसरने का जोडला नाही? पहिले कारण, लेसरचा सांधा मिलिमीटरच्या हिशेबात बोलतो आणि आपला शाफ्ट दीड फुटाच्या घरातला. दुसरे कारण त्याहून मोठे. कशानेही जोडला तरी सांध्यापाशी पोलादाची घडण बदलणारच, आणि तिथेच पुन्हा हंगामाला साडेआठ लाख वेळा वाकणे आहे. असा शाफ्ट मिलवर चढवून सभासदांचा ऊस त्याच्या भरवशावर तोडायला लावणे आम्हाला मंजूर नाही. नवा शाफ्ट महाग पडला खरा, पण तो दीड दिवसही स्वस्त नव्हता.

याचा अर्थ लेसर आपल्या कामाचा नाही असा नव्हे. पंपांच्या शाफ्टची बेअरिंगची झिजलेली जागा थर देऊन भरणे, टर्बाइनच्या पात्यांच्या ओल्या वाफेने खाल्लेल्या कडा कडक करणे, अशी कामे बाहेरून करून घेण्याजोगी आहेत. त्यासाठी लाखोंचे यंत्र आपण घ्यावे असे कोणी सांगत आले तर त्याला चहा पाजून परत पाठवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. वर्षातून चार भाग निघणार, यंत्र बाकी वेळ धूळ खाणार. रोलरच्या दात्यांवरचे आर्किंग मात्र आपल्या नेहमीच्या वेल्डिंगनेच चालू राहील. ते कवचावर असते, शाफ्टवर नसते, आणि दाता खरखरीत होऊन ऊस पकडला जावा एवढाच त्याचा हेतू असतो.

या ऑफ सिझनला सर्व मिलचे शाफ्ट रोलर काढून लाल रंगाच्या द्रावाने आणि अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासत आहोत. शाफ्टवर वेल्डिंगचा टिपका मारायला किंवा अर्थिंगची पकड लावायला फिटर व वेल्डर मंडळींना पूर्ण मनाई केली आहे. तुटलेल्या शाफ्टचा एक तुकडा भंगारात न देता वर्कशॉपच्या दाराशी ठेवला आहे. चीर जिथून निघाली तिथे खडूने गोल केला आहे. शेती खात्याकडे नोंदीसाठी आलात तर दोन मिनिटे वाकडी वाट करून अवश्य पाहून जावे. प्रश्न विचारणाऱ्या सभासदांनाही आम्ही तसा निरोप धाडला आहे.